निसटणाऱ्या राक्षसाचं निग्रहस्थान



मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातल्या वाद, जल्प आणि वितंडा या तीन प्रकारांविषयी बोललो. आज त्याच धाग्याचं पुढचं टोक धरायचं आहे, पण ते आम्हाला भलत्याच ठिकाणी सापडलं. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा फोन केला, "सर, विषय नक्की हाच ना?" हाच. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात मुलं घरच्या घरी राक्षस तयार करतात आणि त्यांना एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याची शक्ती देतात. या शक्तीचे निरनिराळे नमुने खेळाच्या पुस्तकांत आहेत. त्यांची तुलना करायची, कोणता नमुना चांगला, कोणता फसवा, आणि कशावरून, हे पाहायचं. याला आम्ही समीक्षाच म्हणतो. कवितेची होते, नाटकाची होते, तशी नियमांचीही व्हायला हरकत नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर. तो जगाचं वर्णन करतो, त्या जगातले राक्षस, राजे, दुकानदार सगळे चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. काही करायचं असेल तर तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षसांसाठी 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाचा जाड ग्रंथ आहे, पण त्यातलाच राक्षस वापरला पाहिजे असं बंधन नाही. स्वतःचा करता येतो. खरी गंमत तिथेच आहे, आणि खरा घोटाळाही.

आता 'प्लेन'. नातवाच्या तोंडून 'प्लेन शिफ्ट' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हाला वाटलं, कुणाच्या विमानाची वेळ बदलली. तसं नाही. प्लेन म्हणजे लोक, त्रिलोकातला लोक. गायगॅक्स यांनी १९७७ साली 'द ड्रॅगन' मासिकाच्या आठव्या अंकात या लोकांची रचना मांडली, १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ती परिशिष्ट म्हणून आली, १९८७ साली जेफ ग्रब यांनी 'मॅन्युअल ऑफ द प्लेन्स' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपण राहतो ते मटेरिअल प्लेन. त्याला चिकटून, धुक्याच्या पडद्यासारखं, इथरिअल प्लेन. मग पंचमहाभूतांची आठवण यावी अशी अग्नी, जल, वायू, पृथ्वी यांची प्लेन्स. आणि सगळ्यांच्या पलीकडे देव, दैत्य, पिशाच यांची बाहेरची प्लेन्स, नीती-अनीतीच्या दिशांनुसार वर्तुळात मांडलेली.

आपल्या भाषेत एखादा परलोकवासी झाला म्हणजे त्याचा विषय संपला. या खेळात राक्षस परलोकवासी होतो आणि पुढच्या फेरीला परत येऊन चावतो. आजचा सगळा प्रश्न एवढ्यातच आहे.

आमचा नातू नववीत आहे. दर रविवारी दुपारी त्याचे चार मित्र-मैत्रिणी आमच्या घरी जमतात आणि जेवणाच्या टेबलावर खेळ मांडतात. डंजन मास्टर तो. गेल्या पावसाळ्यात दोन आठवडे खपून त्याने एक राक्षसीण तयार केली. नाव ठेवलं 'हाकामारी'. आमच्या लहानपणी घरात सांगत, रात्री दाराबाहेरून ओळखीच्या आवाजात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हाकामारी असते. ही गोष्ट त्याला आम्हीच सांगितली होती, त्यामुळे झाल्या प्रकारात आमचाही थोडा हात आहे.

त्याची हाकामारी अशी होती. ती एका क्षणात इथरिअलमध्ये जाते. तिथे ती कुणाला दिसत नाही. तिथूनच ती नाव घेऊन हाक मारते आणि ज्याचं नाव घेतलं त्याला इजा होते. फारच अडचण झाली तर प्लेन शिफ्ट करून ती दुसऱ्याच जगात निघून जाते, वाटेल तितक्या वेळा. त्या रविवारी तीन तास खेळ चालला. एकाही पात्राचा एकही वार तिला लागला नाही. मुलांनी सापळे लावले, मंत्र टाकले, एकाने तर देवळात लपण्याची युक्ती काढली. प्रत्येक वेळी डंजन मास्टर शांतपणे सांगे, "ती तिथे नाही." शेवटी त्यांच्यातल्या एका मुलीने आपल्या पात्राचा कागद दुमडून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मग आम्ही इथे कशाला बसलोय?"

कुणी ओरडलं नाही, भांडण झालं नाही. पण पुढच्या रविवारी दोनच मुलं आली.

नातू आमच्याकडे आला. त्याची तक्रार अशी, की त्याने सगळं नियमांनुसार केलं होतं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतल्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये राक्षस तयार करण्याची रीत दिलेली आहे. राक्षसाचा जीव किती, त्याला वार लागणं किती अवघड, तो किती इजा करतो, आणि ती इजा पहिल्या तीन फेऱ्यांची सरासरी काढून. यावरून त्याचा दर्जा ठरतो, त्याला चॅलेंज रेटिंग म्हणतात. शिवाय एक तक्ता आहे, त्यात कोणत्या खास शक्तीने हा दर्जा किती वाढतो ते लिहिलंय. नातवाने तक्त्यावर बोट ठेवलं. इथरिअलनेस, टेलिपोर्ट, भिंतीतून आरपार जाणं, या सगळ्यांसमोर नुसती आडवी रेघ. म्हणजे शून्य. पुस्तकाच्या हिशेबाने, निसटून जाण्याच्या शक्तीमुळे राक्षस जराही अवघड होत नाही. "मग माझं काय चुकलं, आजोबा?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्याच्याकडून पुस्तकं मागून घेतली. आठवडाभर वाचली. आणि वाचता वाचता आम्हाला न्यायसूत्रांचा पाचवा अध्याय आठवला.

गौतमाने तिथे बावीस निग्रहस्थानं सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे जिथे वादी पकडला जातो ती जागा, पराभवाची जागा. कुणी मूळ प्रतिज्ञाच सोडून देतो, कुणी हळूच दुसरी प्रतिज्ञा पुढे करतो, कुणी निरर्थक बोलतो. या बाविसांत एक आहे विक्षेप. वाद ऐन भरात असताना "मला जरा काम आहे, नंतर बोलू" असं सांगून उठून जाणं. गौतमाच्या मते तो माणूस वाचला नाही, हरला. आम्हाला हे सूत्र विद्यार्थिदशेत विनोदी वाटायचं. एवढ्या गंभीर ग्रंथात ही काय नोंद? आता वाटतं, वादाची सगळी इमारत याच नोंदीवर उभी आहे. उठून जाणाऱ्याला काही गमवावं लागत नसेल, तर जो बसून राहिला त्याने वाद कुणाशी घालायचा?

तक्त्यातल्या त्या आडव्या रेघेची चूक इथे आहे. तक्ता राक्षस किती मारतो ते मोजतो. तो पकडीत कुठे सापडतो, हे मोजत नाही. आणि शक्तीचा बरेवाईटपणा त्यावर ठरतो. म्हणून आम्ही पुस्तकातल्या प्रत्येक नमुन्याला चार प्रश्न विचारले. जायला किंमत काय पडते? गेल्यावर दिसतो का? तिकडून इकडे हात पोचतो का? आणि परत यावं लागतं का?

पहिला नमुना, भूत. इंग्रजीतला घोस्ट. तो इथरिअलमध्ये जातो, पण त्यासाठी त्याची त्या फेरीतली मुख्य कृती खर्च होते. जायचं असेल तर मारायचं नाही, मारायचं असेल तर जायचं नाही. शिवाय तो कडेच्या धुक्यात असला तरी इकडच्यांना दिसत राहतो. तिकडून त्याला इकडचं काही करता येत नाही, इकडच्यांना त्याचं काही करता येत नाही. हा फार सभ्य नमुना आहे. भूत समोर उभं आहे, दिसतंय, आणि दोघेही हतबल. आमच्या मते कथेच्या दृष्टीने हा सगळ्यांत सुंदर. कारण भुताशी बोलायला वेळ मिळतो.

दुसरा, फेज स्पायडर. हा कोळी आहे. त्याची ये-जा फार स्वस्त, तिला 'बोनस अॅक्शन' पुरते, म्हणजे मुख्य कृती चावण्यासाठी शिल्लक राहते. आणि तिकडे गेला की तो दिसत नाही. वरवर पाहता नातवाच्या हाकामारीसारखाच. पण नियम नीट वाचा. बोनस अॅक्शन एका फेरीत एकच मिळते. म्हणजे कोळी येऊ शकतो आणि चावू शकतो, पण त्याच फेरीत परत जाऊ शकत नाही. त्याला एक अख्खी फेरी उघड्यावर काढावी लागते. पुढच्या फेरीत तो चावून मग जातो. दोन दंश, आणि मध्ये एकदा सगळ्यांच्या तलवारींसमोर उभं राहणं. त्याचा जीव सरासरीने फक्त ३२. निग्रहस्थान तिथेच आहे, ज्याने नियम लिहिला त्याने ते मोजून ठेवलंय. मुलांना हे कळायला दोन फेऱ्या लागतात, आणि कळलं की त्यांचे डोळे चमकतात. दबा धरून बसायची कृतीही खेळात आहे. तो आला रे आला की घाला घाव.

तिसरा नमुना, नाइट हॅग. ही चेटकीण, आणि चारांतल्या तिसऱ्या प्रश्नाला फक्त हिचं उत्तर होकारार्थी आहे. ती इथरिअलमध्ये राहून झोपलेल्या माणसाला स्पर्श करते आणि त्याला भीषण स्वप्नं पाडते. हात तिकडून इकडे पोचतो! नियमबाह्य वाटावं असं. पण लिहिणाऱ्याने तिला किती दोऱ्यांनी बांधलंय पाहा. दिवसातून एकदाच. माणूस झोपलेलाच हवा. स्पर्श तासभर टिकला तरच अपाय. साध्या संरक्षक मंत्राने तो स्पर्श अडतो. अदृश्य वस्तू दिसण्याचा जो मंत्र आहे, त्याने इथरिअलमधलंही दिसतं, म्हणजे पहाऱ्याला जागणाऱ्याला ती दिसू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचं, इथरिअलमध्ये जायला तिच्याजवळ हार्टस्टोन नावाचा काळा मणी असावाच लागतो. मणी चोरा, चेटकीण अडकली. पोपटात प्राण असलेला राक्षस आपल्या आजीने सांगितला होता, त्याची ही सख्खी बहीण. शक्ती जितकी अन्यायाची, तितकी तिची दोरी स्पष्ट हवी, हा धडा आम्ही इथून घेतला.

चौथा, प्लेन शिफ्ट. हा मंत्र आहे, सातव्या पातळीचा. जादूगाराला तो तेराव्या पायरीवर पोचल्याशिवाय मिळत नाही. त्याला लागतो एक दुबेळक्या आकाराचा धातूचा दांडा, किमान २५० सुवर्णमुद्रांचा, आणि ज्या प्लेनमध्ये जायचं त्याच्याशी जुळवलेला. नवं जग, नवा दांडा. म्हणजे जायच्या आधी शोधाशोध, खर्च, एखादं अख्खं साहस. आता तोच मंत्र राक्षसांच्या पानावर पाहा. जिनी, इफ्रीत आणि आपल्या नावाचा 'राक्षस', या तिघांनाही तो जन्मजात येतो आणि कोणतंही साहित्य लागत नाही. आपला राक्षस तिथे वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या तळव्यांचा झालाय, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. मुद्दा असा की माणसाकडून राक्षसाकडे जाताना मंत्राची किंमत गळून पडली. दांडाच गेला.

मग निग्रहस्थान राहिलं कुठे? दोन जागी. एक, तो मंत्र आहे, म्हणून उच्चारावा लागतो, आणि उच्चारताना प्रतिमंत्राने तोडता येतो. भुताचं किंवा कोळ्याचं जाणं तसं तोडता येत नाही, कारण ते मंत्र नव्हेत. दोन, संख्या. आपल्या राक्षसाला प्लेन शिफ्ट दिवसातून एकदा येतं. नाइट हॅगला दोनदा. एक आणि दोन यांत फरक केवढा? वाटतं एकाचा. पण जो दिवसातून एकदा जाऊ शकतो, तो गेला की त्या दिवशी स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. त्याने गाव सोडलं, राजवाडा सोडला, ओलीस धरलेली माणसं सोडली. दुसऱ्या दिवशी येईल, तोवर तुम्ही काय करायचं ते करा. जो दोनदा जातो, तो जाऊन येतो. पहिल्याचं निघून जाणं हा निर्णय आहे, दुसऱ्याची ती फेरी आहे. आणि ज्याला वाटेल तितक्या वेळा येतं, तो कुठेच राहत नाही. त्याला घर नाही, म्हणून त्याचं काही लुटताही येत नाही.

उलट दिशेचे मंत्रही पाहिले पाहिजेत. बॅनिशमेंट या मंत्राने खेळाडू परक्या प्लेनच्या प्राण्याला घालवून देऊ शकतात. मंत्र घालणाऱ्याने मिनिटभर मन एकाग्र ठेवलं तर तो आपल्या मूळ जगी जातो आणि तिथेच राहतो. हे मिनिट म्हणजे दहा फेऱ्या, आणि त्या काळात मंत्र घालणाऱ्याला मार बसला तर एकाग्रता मोडू शकते. दोन्ही बाजूंना धोका, म्हणून मंत्र चांगला. पण राक्षसाला वाटेल तेव्हा प्लेन शिफ्ट येत असेल तर हे सगळं मातीमोल. मुलांनी दहा फेऱ्या जीव मुठीत धरून त्याला घालवलं, आणि तो पुढच्या श्वासाला हजर. आणि गेट नावाचा नवव्या पातळीचा मंत्र. पाच हजार सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, पण दुसऱ्या जगातल्या प्राण्याचं खरं नाव उच्चारलं तर दार त्याच्यापाशी उघडतं आणि तो खेचला जातो. टोपणनाव चालत नाही, पदवी चालत नाही. खरं नाव. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नातवाच्या हाकामारीकडे परत येऊ. तिने काय केलं होतं? पंगतीत बसून प्रत्येकाच्या पानातला गोड पदार्थ उचलला आणि कारल्याची भाजी तशीच ठेवली. कोळ्याची स्वस्ताई घेतली, त्याची उघड्यावरची फेरी सोडली. चेटकिणीचा लांब हात घेतला, तिचा मणी सोडला. राक्षसाचं प्लेन शिफ्ट घेतलं, 'दिवसातून एकदा' सोडलं. भुताचं काहीच घेतलं नाही, कारण भूत दिसतं. चारही प्रश्नांना तिची उत्तरं तिच्याच सोयीची. आणि तक्ता म्हणतो, दर्जा तेवढाच.

आम्ही हे सगळं त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "पण आजोबा, ती मेली असती तर?"

मंडळी, इथे आमची समीक्षा थांबली. आम्ही इतका वेळ नियमांचं बोलत होतो. तो त्याच्या हाकामारीविषयी बोलत होता. दोन आठवडे खपून, चित्र काढून, नाव ठेवून तयार केलेली. तिला कुणी हात लावू नये म्हणून त्याने एकेक शक्ती जोडली होती. मुलांना हरवायचा त्याचा हेतू नव्हता, त्याला ती गमवायची नव्हती.

आणि आम्हाला आमचा प्रबंध आठवला. तो शांकर वेदान्तातल्या सत्तात्रयावर होता, प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. तोंडी परीक्षेत एका वृद्ध परीक्षकांनी आक्षेपांमागून आक्षेप घेतले. व्यवहाराच्या पातळीवरचा आक्षेप आला की आम्ही म्हणायचो, परमार्थतः हा प्रश्नच उरत नाही. परमार्थाच्या पातळीवर अडवलं की म्हणायचो, हे विधान व्यवहारापुरतं आहे. तासभर असं चाललं. शेवटी ते चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही उत्तर देत नाही, घर बदलता." पदवी मिळाली. पण ते वाक्य चाळीसहून अधिक वर्षं आमच्यापाशी आहे. आम्ही प्रत्येक आक्षेपाला प्लेन शिफ्ट करत होतो, वाटेल तितक्या वेळा, दांड्याशिवाय.

दोष आचार्यांचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अद्वैतात पातळ्या आहेत, पण त्यांच्यामधली ये-जा फुकट नाही. दोरी कळली की साप बाधित झाला. मग सोयीचा वाटला म्हणून तो साप पुन्हा पुराव्याला बोलावता येत नाही. रस्ता एकाच दिशेचा आहे, आणि त्यावरून जाणाऱ्याला मागचं सोडावं लागतं. दोरी होती, ती आम्ही कापली होती. का? कारण पाच वर्षं खपून लिहिलेल्या प्रबंधाला कुणी हात लावू नये म्हणून. नववीतल्या मुलाने जे दोन आठवड्यांत केलं ते आम्ही पाच वर्षांत केलं होतं.

यावर एक आक्षेप येईल. खेळ म्हणजे वाद नव्हे. खलनायक एकदा निसटला तर गोष्ट रंगते, आणि भयाच्या गोष्टीत तर न दिसणारं, हाती न लागणारंच हवं. पहिला भाग आम्हाला मान्य आहे. निसटू द्यावं. पण निसटताना काहीतरी मागे राहावं. गाव, ओलीस, एक दिवस, निदान दारातला ओला पाय. दुसरा भाग मात्र मान्य नाही. आपल्याकडच्या भुताखेतांच्या गोष्टी आठवा. कुणी उंबरा ओलांडू शकत नाही, कुणाला लोखंड चालत नाही, कुणाचे पाय उलटे असतात म्हणून ओळखू येतात. अट नसलेलं भूत गोष्टीत टिकत नाही, कारण ऐकणाऱ्याला रात्री करण्यासारखं काही उरत नाही. हाकामारीच पाहा. तिच्या गोष्टीत अट आधीपासून होती, ओ दिल्याशिवाय ती काही करू शकत नाही. आमच्या आजीने ती सांगितली, आम्ही नातवाला सांगितली, आणि त्याने नेमकी तेवढीच गाळली. दुसरं असं की लहान मुलाला त्या अटीमुळे भीती कमी वाटत नव्हती. जास्त वाटायची. कारण गप्प राहणं त्याच्या हातात होतं आणि ते फार कठीण होतं.

मग दोघांनी मिळून हाकामारी पुन्हा लिहिली. ती धुक्याच्या कडेला राहते, दिसत नाही, हाक मारते. हाकेने इजा होत नाही. ज्याच्या नावाने हाक आली त्याने ओ दिली तरच ती त्याच्यापर्यंत पोचते. तीन हाकांना कुणीच ओ दिली नाही, तर तिला स्वतःला उंबऱ्याशी यावं लागतं, देहाने, सगळ्यांना दिसेल अशी, आणि त्या फेरीत तिला परत जाता येत नाही. प्लेन शिफ्ट आम्ही काढून टाकलं. शेवटची अट नातवाची स्वतःची, गेटच्या मंत्रावरून सुचलेली. ती जिवंत असताना तिचं जे नाव होतं त्या नावाने कुणी तिला हाक मारली, तर तिला ओ द्यावीच लागते. ते नाव गावात कुणालातरी ठाऊक आहे. कुणाला, ते शोधायचं.

पुस्तकाच्या तक्त्याने मोजलं तर ही हाकामारी पहिलीपेक्षा कमी दर्जाची ठरते, कारण तिची इजा कमी झाली. त्या रविवारी आम्ही दाराआड खुर्ची टाकून ऐकत होतो. नातवाने त्या मुलीला स्वतः फोन करून बोलावलं होतं. "अजून एकदा ये, ती बदललीय," एवढंच म्हणाला होता. पहिली हाक आली तेव्हा टेबलावर अशी शांतता पसरली की आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय हे तेव्हा कळलं. एका मुलाने दुसऱ्या हाकेला चुकून ओ दिली आणि त्याचं पात्र जवळजवळ गेलंच. गावातल्या आंधळ्या म्हातारीकडून नाव कळायला दीड तास लागला. आणि उंबऱ्याशी उभं राहून ते नाव उच्चारलं त्याच मुलीने.

हाकामारी मेली. नातवाने तिचा कागद उचलला, मागच्या बाजूला तारीख लिहिली, आणि तिला मारणाऱ्या सगळ्या पात्रांची नावं लिहिली. रात्री जेवताना तो फारसा बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "आजोबा, ती म्हातारी तिची बहीण होती. मी कुणाला सांगितलंच नाही." पुढचा रविवार त्या बहिणीचा आहे असं कळतंय.

आता प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेत. त्यांचं म्हणणं असं, की सर, खेळाडूंनाही निसटण्याचे मंत्र असतातच, मग राक्षसालाच दोरी का? चांगला प्रश्न. खेळाडूंना दोरी नाही असं नव्हे. जादूगाराचा दांडा हीच दोरी आहे. ब्लिंक नावाचा मंत्र घ्या. त्यात दर फेरीला फासा टाकावा लागतो, अकरा किंवा वर पडला तर तुम्ही इथरिअलमध्ये, नाहीतर शत्रूसमोर. म्हणजे दोरी नशिबाच्या हातात. खेळाडूच्या मंत्रांना किंमत आहे, कारण ते सगळ्यांसमोर, सगळ्यांना ठाऊक असलेल्या नियमांनी चालतात. घरी केलेल्या राक्षसाचे नियम मात्र एकट्या डंजन मास्टरला ठाऊक असतात. पडद्याआड ज्याच्या हातात पान आहे, त्याने स्वतःला अधिक बांधून घ्यावं, एवढंच आमचं म्हणणं. वर्गातही शिक्षकाकडेच उत्तरपत्रिका असते.

आमच्या प्रबंधाचं काय झालं असंही कुणीतरी विचारतंय. तो कपाटात आहे. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात ते परीक्षक म्हणाले ती जागा अजून तशीच आहे. पुढच्या महिन्यातलं व्याख्यान त्याच प्रकरणावर ठेवावं असं आम्ही संयोजकांना सुचवलंय. आपण आक्षेप घेऊन यावं. आम्ही बसलेले असू.